पासाऊच्या आधी पाली

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला एकदाची रेल्वे आली. तिच्या नावाने मोर्चे काढता काढता दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा कुठे बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली. तो आनंद ओसरायच्या आत आमच्या शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर एक माहितीपत्रक येऊन पडलं. पासाऊ ते व्हिएन्ना, डॅन्यूबच्या काठाकाठाने सायकल सहल. पुढे माहीतगार, मागे सामानाची गाडी, चढ आलाच तर बॅटरीवर चालणारी सायकल, जेवणात जैन पर्याय. खर्चाचा आकडा असा, की आमच्या तरुणपणी तेवढ्यात शाहूनगरला बंगला उभा राहिला असता. खाली एका मित्राने लिहिलं, ‘आपल्याकडे असं कधी होणार रे?’

हा गृहस्थ १९८७ च्या दिवाळीत मांजरसुंब्याच्या घाटात माझ्या पुढे सायकल ढकलत होता. विसरला असेल. विसरण्याची आपल्या गावाला आता सवयच जडली आहे. म्हणून हा मागोवा.

सायकल सहलींचा जागतिक इतिहास मी दोन दमांत उरकणार आहे, कारण त्यात माझा जीव रमत नाही. इंग्रजांनी १८७८ सालीच सायकलवरून भटकणाऱ्यांची संघटना काढली. १९२३ मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १९२८ ला परतले. १९७९ मध्ये अमेरिकेत ‘बॅकरोड्स’ ही कंपनी निघाली आणि पैसे घेऊन लोकांना सायकलवर हिंडवण्याचा धंदा तिकडे रुजला. बीडला यातलं काहीच शिवलं नव्हतं. आमच्याकडे सायकल म्हणजे पोस्टमन, दूधवाला आणि हुंड्याच्या यादीत घड्याळ-रेडिओच्या पंक्तीला बसणारी तिसरी वस्तू.

माझी गोष्ट डिसेंबर १९८५ पासून सुरू होते. बाबा आमटे कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे, म्हणून ते गाडीत आडवे आणि सोबत शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर. पाच हजारांवर किलोमीटरचं ते ‘भारत जोडो’ १९८६ मध्ये पुरं झालं. त्याला चाळीस वर्षं झाल्याचं बीडमध्ये कुणाच्या गावीही नाही. आमच्या पी.टी.च्या सरांनी मात्र तेव्हा ती बातमी कापून फळ्याशेजारी चिकटवली आणि म्हणाले, “काश्मीर लांब आहे. आपण सौताड्यापासून सुरुवात करू.”

आणि खरंच केली. पुढे ते निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीच्या सुट्टीत सरांची सहल निघाली. स्वतःच्या सायकली दोघा-तिघांच्याच. बाकीच्यांना सुभाष रोडच्या मागच्या गल्लीतलं दुकान. तिथे तासावर सायकल मिळायची. सहलीसाठी मालक दिवसाचा भाव वेगळा तोडून द्यायचा, पण वहीत नाव, बापाचं नाव आणि मडगार्डवर रंगवलेला सायकलचा नंबर लिहून घेतल्याशिवाय हात लावू देत नसे. ॲटलस, हर्क्युलिस, हिरो. एकीचं पायंडल गुळगुळीत, दुसरीचा ब्रेक नावापुरता. चांगली सायकल हाती लागावी म्हणून आम्ही पहाटे चारला जाऊन ओट्यावर बसायचो.

सरांचे नियम दोनच. शिट्टीच्या पुढे कुणी जायचं नाही आणि शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही. शेपटाला दुकानदाराचा थोरला मुलगा असायचा, कॅरिअरला पंप आणि गळ्यात थैली. या पोराच्या हाताकडे मी तासन् तास बघितलंय. टायरच्या एका बाजूला दोन पाने खुपसून तो ट्यूब बाहेर काढायचा, हवा भरून ती गुरांच्या हौदात बोट-बोट पुढे सरकवत बुडवायचा. बुडबुडा आला की तिथेच काडी टोचून खूण. मग जागा कोरडी करून कानशीने घासायची, सुलोचन लावून फुंकर मारायची, आणि ते चिकटायला येईतो आम्हाला दम द्यायचा, “बाभळीखालून कुणी सायकल घातली रे?” ठिगळ बसलं की वर दगडाने चार ठोके. बालाघाटाच्या डोंगरात बाभळी आणि हिवर एवढे, की त्याला दिवसातून दहा वेळा तरी हे करावं लागे.

पालीला बिंदुसरेच्या तलावाशी पहिला मुक्काम, म्हणजे चहाचा. मग मांजरसुंब्याचा घाट. चढ लागला की सर उतरायचे आणि सगळ्यांना उतरवायचे, ज्याला चढवता येई त्यालासुद्धा. ढकलत चालताना ते बोलायचे. हा रस्ता कुणी केला? सरकारने, असं एखादा म्हणाला की सर हसायचे. ७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातले किती रस्ते, किती पाझर तलाव लोकांनी खडी फोडून, माती वाहून उभे केले, हे मी पुस्तकात वाचलं नाही. चढावर, घामेजलेल्या कानांनी ऐकलं. एकदा एका वस्तीवर पाणी मागितलं, तर म्हातारी म्हणाली, “ह्या रस्त्याची खडी म्या फोडलीय, लेकरा. बसा सावलीला.” सर तिच्या पाया पडले. डॅन्यूबकाठच्या वाचाऊ दरीतल्या माहीतगारापाशी सांगायला द्राक्षमळे आणि मेल्कचा मठ असेल. आमच्या माहीतगारापाशी ही म्हातारी होती.

कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागे गेलं की मन्मथस्वामींच्या दर्शनाला पायी निघालेले जथे भेटत. त्यांच्या पंगतीत आमची जेवणं व्हायची. नायगावच्या माळावर मोर इतके, की १९९४ मध्ये तिथे अभयारण्य झालं तेव्हा आम्हाला ती उशिरा आलेली बातमी वाटली. पाऊस बरा झालेला असला तर सौताड्याच्या धबधब्याला दिवाळीपर्यंत धार असे. एका वर्षी अंबाजोगाईकडून धारूरच्या घाटाने तेलगावला उतरलो. दोन्ही बाजूंना सीताफळं, डोळे उघडून पिकलेली. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही ते मानांकन शर्टाच्या बाह्यांवर घेऊन घरी आलो आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

पण त्याच दिवसांत, त्याच रस्त्याने समोरून दुसरी रांग यायची. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या. गाडीत भांडी, शेळी, पाळणा, कोपऱ्यात गोधडीवर झोपलेलं पोर. आम्ही हौसेने निघालेलो, ते पोटामागे. सर अशा वेळी शिट्टी वाजवत नसत; सगळ्यांना कडेला घेऊन उभं करायचे, गाड्या जाईपर्यंत. रात्री ज्या गावच्या शाळेत पथाऱ्या पसरायच्या, तिथे म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं तेवढी उरलेली. पिठलं-भाकरी मात्र घराघरातून यायची. सकाळी निघण्याआधी गावातल्या विहिरीत डोकावून पाणी किती परसावर आहे ते वहीत लिहायचं, हा सरांचा गृहपाठ. त्या वह्या जपून ठेवल्या असत्या तर भूजलवाल्यांना कामी आल्या असत्या.

आता एक जुना हिशेब. १९८९ साली सहलीत पहिल्यांदा दोन मुली आल्या. गावातल्या काही सभ्य मंडळींनी मुख्याध्यापकांकडे जाऊन ‘वळण बिघडेल’ अशी तक्रार केली. त्यातल्याच एकाची नात परवा पुण्याहून सायकलवर पंढरपूरला गेली, तेव्हा याच आजोबांनी हार घातलेला फोटो सगळ्यांना पाठवला. फोटो छान आहे. पण मी त्याला अंगठा दाखवला नाही.

सरांच्या निवृत्तीबरोबर सहल संपली, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे ती आधीच संपत आली होती. लुना आली, एम-८० आली, मग हिरो होंडा. सायकलवर दिसणारा माणूस कमनशिबी ठरू लागला. दिवाळीच्या सुट्टीत दहावीच्या शिकवण्या लागल्या. शेवटच्या वर्षी सरांच्या मागे आम्ही जुनेच चौघे-पाचजण, आणि शेपटाला कुणी नाही. पंक्चर मीच काढलं. ते पाटोद्यापर्यंतही टिकलं नाही.

त्यानंतरच्या वीसेक वर्षांवर लिहिण्यासारखं मला काही सापडत नाही. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली आणि मराठी डॉक्टरमंडळींच्या अंगात सायकल संचारली. अंगाला चिकटणारे कपडे आले, गिअर आले, हेल्मेट आली. हेल्मेटबद्दल तक्रार नाही. २०२० च्या टाळेबंदीत सायकलींना पुन्हा मागणी आली, आणि त्याच वर्षी ३ जूनला, बरोबर जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. आमच्या गल्लीतलं दुकान गेल्या वर्षी मिटलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

ते माहितीपत्रक आल्यावर मी पुण्यातल्या सहली काढणाऱ्या एका तरुणाला फोन केला. म्हटलं, बालाघाटात काढा की. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिरवा असतो, रस्ते मला पाठ आहेत. “बीड? काका, तिकडे सेफ आहे का?” गेल्या वर्षा-दीड वर्षात बीडचं नाव ज्या कारणांनी गाजलं, ते बघता त्याच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. तरी राग आलाच.

पण खरी पंचाईत गुंडांची नाही, रस्त्याची आहे. धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. दुभाजकात कण्हेर फुलली आणि ज्यांच्या सावलीत आम्ही भाकरी सोडायचो ते कडेचे वड नि चिंचा गेल्या. ताशी बारा किलोमीटरने जाणाऱ्या माणसाचं त्या रस्त्यावर काहीच काम उरलेलं नाही. डॅन्यूबकाठची ती प्रसिद्ध वाट तरी मुळात कसली? प्रवाहाविरुद्ध नावा ओढणाऱ्या घोड्यांची पायवाट. आगबोटी आल्या, घोडे गेले, वाट ओस पडली. ऑस्ट्रियाने ती सायकलींना देऊन टाकायला सुरुवात केली तीही १९८० च्याच दशकात, म्हणजे आमचे सर शिट्टी फुंकत होते तेव्हा. स्पेनने १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचं तेच केलं. नवं काही बांधलं नाही. जुनं मोडू दिलं नाही, एवढंच.

आमच्याकडे बैलगाडीच्या वाटा होत्या. गावनकाशात शिवरस्ते आणि पांदण रस्ते अजून तुटक रेषांनी काढलेले दिसतात. जागेवर जाऊन बघावं तर दोन्हीकडच्या बांधांनी ते गिळलेले. २०२१ मध्ये सरकारने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली, ती ट्रॅक्टर जावेत म्हणून. जाऊ देत. त्याच वाटेने सायकल गेली तर ट्रॅक्टरचं काय बिघडतं? हा अर्ज मी एका कार्यालयात दिला. साहेबांनी वाचून विचारलं, “पण सायकलवर जाणार कोण?”

संध्याकाळी पाचला शाळा सुटते तेव्हा साहेबांनी महामार्गावर येऊन उभं राहावं. सरकारनेच दिलेल्या सायकलींवर आठवी-नववीच्या मुली घराकडे निघालेल्या असतात. त्यांचं गाव दुभाजकाच्या पलीकडे, वळायची फट पार लांब. म्हणून त्या उलट्या दिशेने, अगदी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून, एकीमागे एक जातात आणि समोरून ऊस भरलेले ट्रक येतात. त्यांच्या पुढे शिट्टी फुंकणारं कुणी नाही, मागे शेपटालाही कुणी नाही. मी तोच अर्ज पुन्हा दिला आहे, या वेळी मुलींच्या शाळेच्या वेळापत्रकासह.