कर्करोग उपचारपद्धतींचा विकास : मुखकर्करोगाच्या विशेष संदर्भात

कर्करोगावरील उपचारांचा इतिहास बहुधा शोधांच्या सनावळीतून मांडला जातो. १८९५ मध्ये रॉन्टजेन यांनी क्ष-किरण शोधले, १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम. शस्त्रक्रियेला किरणोपचाराची जोड मिळाली आणि १९४० च्या दशकात रासायनिक औषधे आली. (१९४८ मध्ये फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांवर वापरलेल्या औषधामागे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे कार्य होते, याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो.) परंतु उपचार किती आणि केव्हा द्यावा, हाही या विकासाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील दोन चाचण्या या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

तंबाखूसेवनामुळे आपल्याकडे मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. या रोगाच्या पेशी लसीकावाहिन्यांमार्फत मानेतील गाठींपर्यंत पोहोचतात. प्रारंभिक अवस्थेत मानेत गाठ हाताला लागत नसताना त्या ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच काढाव्यात, की गाठ दिसल्यावर काढाव्यात, याविषयी शल्यविशारदांत दीर्घकाळ मतभेद होते. आधीच काढल्यास अनेकांना अनावश्यक शस्त्रक्रिया सोसावी लागते. थांबल्यास रोग पसरण्याची भीती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५०० रुग्णांच्या विश्लेषणातून असे आढळले की, ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते, तर दुसऱ्या गटात ६७.५ टक्के. येथे नवे यंत्र नव्हते, नवे औषधही नव्हते. बदलली ती केवळ वेळ.

दुसरा प्रश्न मात्रेचा. निव्होलुमॅब हे औषध रोगप्रतिकारक पेशींवरील अवरोध दूर करते, पण त्याची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरची आहे. बरे होण्याची शक्यता न उरलेल्या मुख, घसा व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, औषध तोंडावाटे घ्यावयाच्या स्वस्त औषधांसोबत देण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मात्र अल्प मात्रा आणि पूर्ण मात्रा यांची थेट तुलना या चाचणीत नव्हती. तुलना होती ती केवळ स्वस्त औषधे घेणाऱ्या रुग्णांशी, आणि पूर्ण मात्रा परवडत नसलेल्या बहुसंख्य रुग्णांपुढे प्रत्यक्षात तेवढाच पर्याय असतो.