बारा दावेदार, सहा सामने

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत 2024-25 च्या हंगामात पुरुषांचे 364 संघ खेळले. नोव्हेंबरात हंगाम सुरू होतो, मार्चच्या मध्यावर त्यांतले 68 राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडले जातात आणि तीन आठवड्यांनी एकच उरतो. साखळी नाही, परतीचा सामना नाही. हरला तो संपला. ‘मार्च मॅडनेस’ या नावाने गाजलेल्या या स्पर्धेची ख्याती अशी की इथे कोणीही कोणालाही हरवू शकतो. ती ख्याती रास्त आहे. पण त्यावरून कोणीही जेतेपद मिळवू शकतो असा निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. जेतेपदाचे खरे दावेदार किती, असं मला विचाराल तर मी बारा म्हणेन.

हा आकडा हवेतून काढलेला नाही. स्पर्धेत संघांचे चार विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागात संघांना 1 ते 16 मानांकन देतात. ही रचना 1985 पासूनची. तेव्हापासून 2025 पर्यंत 40 स्पर्धा झाल्या; 2020 ची कोविडमुळे रद्द झाली. या 40 पैकी 26 वेळा पहिलं मानांकन असलेला संघ जिंकला, 5 वेळा दुसरं, 4 वेळा तिसरं. म्हणजे 35 विजेते पहिल्या तीन मानांकनांतून आले. तीन मानांकनं, चार विभाग. झाले बारा संघ.

उरलेले पाच विजेते मात्र प्रत्येकी एकेक गोष्ट सांगून जातात. 1985 चा व्हिलानोव्हा आठवा मानांकित होता. इतक्या खालून आजवर दुसरं कोणी जिंकलेलं नाही. अंतिम सामन्यात त्यांनी बलाढ्य जॉर्जटाउनला 66-64 असं हरवलं, 28 फेकींपैकी 22 बास्केटमध्ये घातल्या. पण त्या स्पर्धेत शॉट क्लॉक नव्हतं, हे विसरून चालणार नाही. चेंडू हवा तेवढा वेळ हातात खेळवायचा आणि खात्रीची संधी मिळाली तरच फेकायचा, हे तेव्हा नियमात बसत होतं. पुढच्याच हंगामात 45 सेकंदांची मर्यादा आली. 1988 चा सहावा मानांकित कॅन्सस म्हणजे डॅनी मॅनिंग या एका खेळाडूची किमया. 1997 च्या ॲरिझोनाने चौथ्या मानांकनावरून येऊन कॅन्सस, नॉर्थ कॅरोलायना आणि केंटकी अशा तीन अव्वल मानांकितांना लोळवलं. असा पराक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. राहिलेले दोन्ही विजेते, 2014 चा सातवा आणि 2023 चा चौथा मानांकित, एकाच विद्यापीठाचे : कनेटिकट, म्हणजे सगळ्यांचा लाडका ‘यूकॉन’. पाचव्या मानांकिताला आजवर एकदाही जेतेपद मिळालेलं नाही.

बारा जण दावेदार असतील तर त्यांतल्या सर्वांत बलवान संघाची शक्यता किती? साधं गणित करून बघा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 90 टक्के असलेला, म्हणजे जवळजवळ अजिंक्य संघ घ्या. जेतेपदासाठी लागणारे लागोपाठ सहा सामने जिंकण्याची त्याची शक्यता 53 टक्क्यांवर येते. ही शक्यता 80 टक्के असेल तर सहा सामन्यांची मिळून 26 टक्के. देशातला निर्विवाद सर्वोत्तम संघसुद्धा चारांतल्या तीन वेळा रिकाम्या हाताने परततो, तो या गुणाकारामुळे.

पूर्वी हा गुणाकार इतका निर्दय नव्हता. 1939 साली पहिली स्पर्धा झाली तेव्हा आठच संघ होते. ओरेगॉनने ओहायो स्टेटला 46-33 असं हरवलं. पुढे प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलए विद्यापीठाने 1964 ते 1975 या बारा वर्षांत दहा विजेतेपदं मिळवली, त्यांतली सात सलग, 1967 ते 1973. आपल्याकडे मुंबईने 1958-59 ते 1972-73 अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक स्वतःकडे ठेवला होता. योगायोग असा, की 1973-74 च्या हंगामात दोन्ही सत्ता उपांत्य सामन्यातच कोसळल्या : मुंबईची कर्नाटकाकडून, यूसीएलएची नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून, दुसऱ्या जादा वेळेत, 80-77.

वुडन यांच्या थोरवीला उणेपणा आणायचा नाही, पण त्यांच्यासमोर दावेदार कमी का होते हे सांगायलाच हवं. त्या काळी स्पर्धेत जेमतेम 22 ते 25 संघ असत आणि यूसीएलएला बहुतेकदा चारच सामने जिंकावे लागत. विभाग खरोखरच भूगोलाप्रमाणे पाडलेले होते, त्यामुळे पूर्वेकडचे दादा संघ शेवटच्या चारांत येईपर्यंत भेटतच नसत. शिवाय गुणी मुलं एकाच ठिकाणी साठत. 1965 साली यूसीएलएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी मुख्य संघाला, म्हणजे राष्ट्रीय विजेत्यांना, सराव सामन्यात 75-60 असं हरवलं. त्या मुलांत लू अल्सिंडर होता, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळायला तेव्हा बंदी होती. म्हणजे देशातले दोन सर्वोत्तम संघ एकाच आवारात राहत होते.

सर्वांत जाचक नियम होता एका कॉन्फरन्समधून एकच संघ घेण्याचा. कॉन्फरन्स म्हणजे हंगामभर आपापसांत खेळणारा विद्यापीठांचा गट. 1974 च्या मार्चमध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत 103-100 असं हरवलं. जिंकणारा संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला. मेरीलँड देशातल्या सर्वोत्तम चार-पाच संघांत गणला जात होता, पण तो राष्ट्रीय स्पर्धेत पाऊलही टाकू शकला नाही. त्या एका सामन्याने नियम बदलायला लावला असं मानतात. 1975 पासून 32 संघ आले आणि एकाच गटातून दुसऱ्यालाही प्रवेश मिळू लागला. दावेदारांची संख्या वाढली ती खरी इथून. 1985 च्या 64 संघांपेक्षा 1975 चा हा बदल मला मोठा वाटतो. 64 मध्ये भर पडली ती बहुतांशी पहिल्या दोन दिवसांत घरी जाणाऱ्यांची; 1975 ने आत आणले ते जिंकू शकणारे.

परिणाम पुढे दिसत गेला. 1976 ला प्रशिक्षक बॉब नाइट यांचा इंडियाना 32-0 असा अपराजित राहून विजेता झाला. त्यानंतर एकाही संघाला ते जमलेलं नाही. 1979 ला लॅरी बर्डचा इंडियाना स्टेट अपराजित राहून अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून हरला. 1991 ला नेवाडा-लास व्हेगास 34-0 होता. आदल्या वर्षी ज्या ड्यूकला त्यांनी अंतिम सामन्यात 30 गुणांनी चिरडलं होतं, त्याच ड्यूकने त्यांना 79-77 असं थांबवलं. 2015 चा केंटकी 38-0 वर असताना विस्कॉन्सिनने अडवला. 2021 चा गोन्झागा 31-0 होता. अंतिम सामन्यात बेलरसमोर सुरुवातीपासूनच त्याचं काही चाललं नाही. हे दुबळे संघ नव्हते. त्यांच्या मागे उभे असलेले आठ-दहा संघ त्यांच्याहून किंचितच कमी होते, एवढंच.

आता मुद्दा येतो वयाचा. 2005 पासून एनबीए या व्यावसायिक लीगने 19 वर्षांखालच्या मुलांना दार बंद केलं, तेव्हा हायस्कूलमधले चमकते तारे एका वर्षापुरते कॉलेजात येऊ लागले. 2012 चं जेतेपद केंटकीने अँथनी डेव्हिसच्या जोरावर मिळवलं, 2015 चं ड्यूकने अशाच कोवळ्या मुलांच्या. मग काटा उलट फिरला. व्हिलानोव्हा, व्हर्जिनिया, बेलर, कॅन्सस हे पुढचे विजेते बावीस-तेवीस वर्षांच्या, एकमेकांना सरावलेल्या खेळाडूंचे होते. कोविडमुळे 2020-21 च्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं, त्याने हा कल आणखी पक्का केला. अठरा वर्षांच्या मुलाची उडी उंच असेल, पण शेवटच्या दोन मिनिटांत पाय घट्ट रोवून बचाव करणं त्याला लवकर येत नाही. 2025 च्या उपांत्य सामन्यात हेच दिसलं. कूपर फ्लॅग हा त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू ड्यूककडे होता. शेवटच्या 35 सेकंदांत ड्यूक सहा गुणांनी पुढे होता, तरी सहावं वर्ष खेळणाऱ्या जे’वॉन रॉबर्ट्सच्या ह्यूस्टनने सामना 70-67 असा हिसकावून घेतला.

दरम्यान 2018 ते 2023 या वर्षांत दारं सताड उघडल्यासारखी वाटत होती. 2018 ला मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या सोळाव्या मानांकित संघाने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला 74-54 असं हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेत हे प्रथमच घडलं. तोच व्हर्जिनिया पुढच्या वर्षी विजेता झाला, हेही लक्षात ठेवायला हवं. 2022 ला जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने पंधराव्या मानांकनावरून केंटकी आणि पर्ड्यूला हरवून अंतिम आठांत धडक मारली. आणि 2023 ला तर शेवटच्या चारांत चौथा, पाचवा, पुन्हा पाचवा आणि नववा मानांकित! पहिल्या तीन मानांकनांतला एकही संघ तिथे नव्हता. नववा होता फ्लोरिडा अटलांटिक. फारसं नाव नसलेल्या या विद्यापीठाने त्या हंगामात 35 सामने जिंकले आणि फक्त 4 गमावले. आता कोणीही जिंकू शकतो, असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. जिंकला यूकॉन, सहाच्या सहा सामने दहाहून अधिक गुणांनी.

दोनच वर्षांत चित्र पालटलं. 2025 ला शेवटचे चारही संघ अव्वल मानांकित होते : फ्लोरिडा, ह्यूस्टन, ड्यूक, ऑबर्न. असं याआधी फक्त 2008 ला झालं होतं. अंतिम सोळांत फक्त चार कॉन्फरन्सचे संघ उरले. एकट्या साउथईस्टर्नचे सात. त्या कॉन्फरन्सचे तब्बल 14 संघ स्पर्धेत होते, हाही विक्रमच.

याचं कारण पैसा आणि मोकळीक. जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येऊ लागली. त्याच वर्षी एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर ती 2024 पासून कितीही वेळा मिळू लागली. जुलै 2025 पासून विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना पैसे देऊ शकतात; 2025-26 साठी ही मर्यादा मिळून 2 कोटी 5 लाख डॉलर होती. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचं मोल मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे; ते कित्येक दशकं आधी मिळायला हवं होतं. पण परिणाम काय झाला तो फ्लोरिडाच्या विजेत्या संघात बघा. अंतिम सामन्याचा शेवटचा बचाव करणारा वॉल्टर क्लेटन आयोना नावाच्या लहान विद्यापीठातून आलेला, विल रिचर्ड बेलमाँटमधून आणि अलायजा मार्टिन थेट त्या फ्लोरिडा अटलांटिकमधून. 2023 ला ज्याने लहान संघाला शेवटच्या चारांत नेलं, तोच 2025 ला मोठ्या संघाकडून विजेता झाला. त्याचे फ्लोरिडा अटलांटिकमधले प्रशिक्षक डस्टी मे तोवर मिशिगनला गेले होते. ऑबर्नचा आधारस्तंभ जॉनी ब्रूम मोरहेड स्टेटहून आलेला.

लहान विद्यापीठ आता मुलाला शोधतं, दोन वर्षं घडवतं आणि तो तयार झाला की मोठं विद्यापीठ त्याला घेऊन जातं. त्यामुळे पूर्वी पाच-सहा घराण्यांत फिरणारे दावेदार आता तीस-चाळीस श्रीमंत विद्यापीठांतून निघतात. बारा जागा बाराच आहेत. त्या बारांमधलं अंतर मात्र कधी नव्हतं इतकं कमी झालंय. बाहेरच्यांसाठीची फट बुजत चालली आहे. 1999 पासून दरवर्षी स्पर्धेत येणारा आणि दोनदा अंतिम सामना खेळलेला गोन्झागासुद्धा 2026 च्या उन्हाळ्यात आपली लहान कॉन्फरन्स सोडून पॅक-12 मध्ये जातोय.

चार अव्वल मानांकित शेवटी उरले म्हणून 2025 ची स्पर्धा एकतर्फी होती असं मात्र कोणी समजू नये. फ्लोरिडाने दुसऱ्या फेरीत आठव्या मानांकित यूकॉनला 77-75 असं कसंबसं हरवलं. टेक्सास टेकविरुद्ध शेवटच्या तीन मिनिटांत मोठी पिछाडी भरून काढली. अंतिम सामन्यात 12 गुणांनी मागे पडून ह्यूस्टनला 65-63 असं हरवलं. या तीनांपैकी एका सामन्यात एक फेक इकडची तिकडे झाली असती, तरी आज आपण वेगळं नाव घेत असतो.

स्पर्धा 72 किंवा 76 संघांची करण्याची चर्चा 2025 मध्ये चालू होती. 2026 साठी तरी 68 च ठेवायचे ठरले. माझा या विस्ताराला विरोध आहे. वाढीव जागा मोठ्या कॉन्फरन्समधल्या नवव्या-दहाव्या संघाला जातील आणि त्याने दावेदार एकानेही वाढणार नाही. वाढवायचंच असेल तर घडवलेला खेळाडू गेल्यावर लहान विद्यापीठाला मोबदला मिळेल अशी तरतूद करा, फुटबॉलच्या जगात ती कधीपासूनच आहे.

2025-26 चा हंगाम दिवाळीनंतर लगेच सुरू होतोय. माझी नजर दोन संघांवर आहे. ह्यूस्टनने 1983, 1984 आणि 2025 असे तीन अंतिम सामने गमावले आहेत, पर्ड्यूने 1969 आणि 2024 असे दोन. दोघांनाही ही स्पर्धा एकदाही जिंकता आलेली नाही. सगळे खेळाडू इकडून तिकडे जात असताना पर्ड्यूचे ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघे शेवटच्या वर्षासाठी तिथेच थांबले आहेत, आणि मला वाटतं या वेळी त्यांची पाळी आहे. अंतिम सामना 6 एप्रिल 2026 ला रात्री इंडियानापोलिसमध्ये आहे. आपल्याकडे तेव्हा 7 एप्रिलची सकाळ असेल. जमलं तर अवश्य बघा.