वकिलातीतला माणूस

‘वकील’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट आणि बेळगावचे कोर्ट येते. परंतु मराठेशाहीत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला आपला माणूस. शब्द मूळचा अरबी. उर्दूत आणि मराठीत सारखाच रुळला. म्हणूनच परदेशातील आपल्या सरकारी कचेरीला आपण वकिलात म्हणतो. तेथला माणूस नेमके काय करतो, असे विद्यार्थी मला अनेकदा विचारतात. पालक मात्र विचारीत नाहीत. ती मोठ्या घरच्यांची नोकरी, अशी त्यांची समजूत असते.

ही समजूत खोटी ठरवणारे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. शिरोळ तालुक्यातील अब्दुल लाट या गावी १९५८ साली जन्मलेले श्री. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूरच्या विद्यानिकेतनात शिकले, शालान्त परीक्षेत संस्कृतचे जगन्नाथ शंकरशेट पारितोषिक मिळवते झाले आणि १९८३ साली परराष्ट्र सेवेत दाखल झाले. कलेक्टर ज्या परीक्षेतून निवडले जातात, तीच ही परीक्षा. नव्या अधिकाऱ्याला एक परकी भाषा शिकावीच लागते. मुळे यांच्या वाट्याला जपानी आली. घरी उर्दू, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या आपल्या मुलांना आणखी एक भाषा जड का जावी?

पुढे तोक्यो, मॉस्को, दमास्कस अशा ठिकाणी त्यांनी काम केले. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचलायचे, मुलांच्या शाळा बदलायच्या, हे या नोकरीत ठरलेलेच. २००९ पासून ते मालदीवमध्ये हाय कमिशनर होते (कॉमनवेल्थच्या देशांत राजदूताला हे नाव आहे). फेब्रुवारी २०१३ मध्ये तेथील माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद अटक टाळण्यासाठी भारतीय कचेरीत आले आणि दहा दिवस राहिले. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाचे पोलीस परवानगीवाचून अशा आवारात शिरू शकत नाहीत. आत पाहुणा, बाहेर पोलीस, आणि दोन्ही देशांचे संबंध तर तुटू द्यायचे नाहीत! त्यानंतर ते न्यूयॉर्कला कौन्सल जनरल झाले.

राजदूत राजधानीत बसतो, कौन्सल दुसऱ्या मोठ्या शहरात. सौदीत वकिलात रियाधला, तर कौन्सलची कचेरी जेद्दाला. आपल्या हाजींची विचारपूस होते ती या जेद्दाच्या कचेरीतून. हरवलेला पासपोर्ट, तुरुंगात पडलेला मजूर, परमुलखात मेलेल्याची मय्यत घरी पाठवणे, ही कामेही तिचीच.

माझा एक विद्यार्थी दहावी न होताच एजंटाच्या भरवशावर आखातात गेला. दहावी न झालेल्याला ‘ईसीआर’ पासपोर्ट मिळतो, आणि आखाती देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्याला सरकारी परवानगी घ्यावी लागते. पुष्कळांना हा जाच वाटतो. पण त्या निमित्ताने नोकरीचा करार तपासला जातो. एजंटाने त्याला भेटीच्या व्हिसावर नेऊन ही परवानगीच चुकवली. मालकाने पासपोर्ट काढून घेतला, पगार थकवला. कोणा भल्या माणसाने वकिलातीची वाट दाखवली. तेथून परतीपुरता दाखला मिळाला आणि पोरगा घरी आला. त्याची आई म्हणाली, “तिथं आपलं कोण तरी असतंय, हे ठावंच नव्हतं ओ सर.”

मुळे निवृत्तीपूर्वी परराष्ट्र मंत्रालयात पासपोर्ट खात्याचे सचिव होते. त्यांच्या काळात, जानेवारी २०१७ मध्ये, पोस्टात पासपोर्ट केंद्रे निघू लागली. पहिल्या दोहोंत आपल्या राज्यातील म्हैसूर होते. आज अशी केंद्रे चारशेहून अधिक आहेत. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखलाही चालेल असे ठरले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना मात्र आता जन्माचाच दाखला लागतो.

म्हणून पालकांना एक विनंती. शाळेत नाव घालताना जन्मतारीख अंदाजाने सांगू नका. आणि ‘महंमद’, ‘मोहम्मद’, ‘मोहंमद’ यांपैकी जे एक ठरेल, तेच शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि जन्माच्या दाखल्यावर येऊ द्या. आमच्या शाळेचे रजिस्टर सकाळी अकरानंतर केव्हाही पाहावयास मिळते.