एका सुट्टीत तीन वाटा : कळसूबाई, सांदण आणि रतनवाडी

(शिर्डी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शिर्डीला देशभरातून माणसं येतात. पण आपण इथली माणसं शनिवार-रविवारची सुट्टी मिळाली की कुठे जातो? महाबळेश्वर, लोणावळा, फार तर गोवा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्यात आहे, हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण तिथे गेलेले किती जण आहेत? हात वर करा बघू. बघा, मोजकेच.

आज आम्ही बोलणार आहोत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याबद्दल. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कण्यावर पसरलेलं हे जंगल १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. इथून संगमनेर, अकोले, राजूर करत गेलं की सुमारे शंभर किलोमीटरवर भंडारदरा येतं. राजूरला पेढ्यासाठी गाडी थांबतेच, तो वेळ धरून निघायचं.

दोन दिवसांत तिथे आम्ही तीन वाटा चालतो. तिन्ही एकमेकींपासून जवळ, पण स्वभाव अगदी वेगळे. असं का, ते समजून घेतलं तर वाट कशी चालायची हे निम्मं कळतं.

पहिला दिवस कळसूबाईचा. उंची १६४६ मीटर. बारी गावातून पहाटे निघायचं. सुरुवातीला शेतं, मग चढ, मग जरा सपाटी, आणि समोर एकदम उभा कातळ. तिथे लोखंडी शिडी. वर चढलात की पुन्हा सपाटी, पुन्हा चढ, पुन्हा कातळ, पुन्हा शिडी. हा डोंगर असा पायऱ्यापायऱ्यांचा का?

तर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, अनेकदा. थरावर थर साचत गेले. काही थर घट्ट, ते सहजी झिजत नाहीत, त्यांचे कडे झाले. काही थर सच्छिद्र, ठिसूळ, ते झिजून त्यांचे उतार आणि माच्या झाल्या. म्हणजे जिथे शिडी आहे तिथे तुम्ही घट्ट थर चढताय, आणि जिथे टेकून पाणी पिताय तो झिजलेला थर आहे. आमच्याबरोबरच्या मुलांना हे सांगितलं की ती शिडीगणिक थर मोजायला लागतात आणि ‘अजून किती राहिलं’ हा प्रश्न बंद होतो!

माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे. कळसू नावाची मुलगी पाटलाकडे कामाला होती, झाडलोट आणि भांडी करणार नाही ही तिची अट होती. अट मोडली गेली तशी ती घर सोडून डोंगरावर निघून गेली, अशी कथा. नवरात्रात आजूबाजूच्या गावांतल्या बायाबापड्या हा डोंगर चढून जातात, कित्येक जणी अनवाणी. आपण महागडे बूट घालून धापा टाकत असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साम्रद गाव आणि सांदण दरी. इथे वर चढायचं नाही, जमिनीच्या पोटात उतरायचं. पठाराला पडलेली एक अरुंद भेग, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, मधे मोठमोठे धोंडे. सुरुवातीलाच साचलेलं पाणी लागतं, ते कधी गुडघ्याला तर कधी कमरेला. पुढे काही तासांनंतर दोर लागतो आणि वाट थेट कोकणात उतरते. आम्ही नवख्यांना दोराच्या अलीकडूनच परत आणतो.

ही भेग कोणी पाडली? पाण्यानं. कातळातली मूळची फट पावसाळ्यामागून पावसाळे पाणी पोखरत गेलं. म्हणजे ही आपली वाट नव्हे, ती पाण्याची वाट आहे. पाणी नसताना आपण तिथे पाहुणे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला आम्ही बारा जण साम्रदला पोचलो. डोक्यावर आभाळ मोकळं होतं. गावातले एक दादा आमच्याबरोबर येणार होते. त्यांनी घाटघरच्या बाजूला नुसतं बघितलं आणि म्हणाले, “आज नाय उतरायचं.” आम्ही वाद घातला. एवढ्या लांबून आलोय, ऊन पडलंय, तासाभरात परत येतो वगैरे. ते बधले नाहीत, घराच्या ओट्यावर बसून राहिले. नाइलाजानं आम्हीही बसलो. दीड तासानं सर आली. ती थांबल्यावर त्यांनी आम्हाला दरीच्या तोंडाशी नेलं. सकाळी जिथे कोरडे धोंडे होते, तिथून गढूळ लोंढा धडधडत आत जात होता. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. चूक पूर्णपणे आमची होती. आम्ही डोक्यावरचं आभाळ बघत होतो, ते पाणलोटावरचं बघत होते.

तिसरी वाट रतनवाडीची. आधी अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर बघायचं आणि रतनगडाच्या दिशेनं जंगलात शिरायचं. वेळ कमी असेल तर गड चढू नका, दोन तास नुसतं रानातून हिंडा. हिरडा, जांभूळ, कारवी. शेंड्याकडे नजर ठेवली तर शेकरू दिसतं, आपला राज्यप्राणी. आणि वाट पुन्हापुन्हा एक ओढा ओलांडते. उन्हाळ्यात टुणकन उडी मारून पलीकडे जाता येईल एवढासा.

मंडळी, ती प्रवरा.

आता जरा हिशोब मांडू. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे पाचशेच्या आसपास. ढग तिथल्या कड्याला थडकून रिते होतात, आपण पर्जन्यछायेत. पण त्याच कण्यावर पाण्याची वाटणी होते. सांदणीत शिरलेलं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं. तिथून थोड्याच अंतरावर पडलेलं पाणी प्रवरेला मिळून भंडारदऱ्यात येतं. १९२६ साली पूर्ण झालेल्या त्या दगडी धरणात अकरा टीएमसी पाणी मावतं. प्रवरेच्या कालव्यांवर लोणी परिसरात ऊस पिकला, म्हणून तिथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. खालच्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ ला झालं, तेही याच पाण्यासाठी. म्हणजे रतनवाडीच्या ओढ्यात कोणी चिप्सचं पाकीट टाकलं, तर ते परक्याच्या अंगणात टाकलेलं नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, पावसाळ्यात जायचं की नाही? जा, पण वाट बघून जा. नवख्यांना कळसूबाई ऑक्टोबर ते फेब्रुवारीच चांगली. भर पावसात शिड्या आणि शेवाळलेला कातळ, त्यात गर्दी, हे नको. सांदण फक्त कोरड्या दिवसांत, तीही गावातल्या माणसाला बरोबर घेऊन. त्याला मोबदला द्या, घासाघीस करू नका. रतनवाडीचं रान पावसानंतर सर्वांत सुंदर, पण ओढा फुगलेला असेल तर अलीकडेच थांबा. माणशी तीन लिटर पाणी ठेवा, पायात पकड असलेले बूट घाला आणि अंधार पडायच्या आत खाली या.

आणि गावातलं कोणी “आज नाय” म्हणालं, तर ओट्यावर बसा. चहा मिळतो. डोंगर कुठे जात नाही, पुढच्या सुट्टीला तिथेच असतो.