ठिपके दिसेनासे होतात तिथे

मासिकातल्या एखाद्या रंगीत छायाचित्रावर भिंग धरून बघा. जांभळी साडी, गालावरची लाली, आभाळ, सगळं नाहीसं होतं आणि उरतात निळसर, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके. जांभळी शाई त्या कागदावर नाहीच! तो रंग जुळून येतो थेट आपल्या डोळ्यांत.

याचं कारण नजरेच्या मर्यादेत आहे. चांगली नजर साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर ओळखते. पान फूटभर अंतरावर धरलं, तर कागदावर हे अंतर मिलिमीटरच्या अकराव्या भागाएवढं होतं. म्हणजे इंचात जेमतेम २८६ ठिपके वेगळे कळतील. छापखान्यातला ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा, आकडा याच्याच आसपासचा. २०१० साली स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन ४ चा इंचाला ३२६ पिक्सेलचा स्क्रीन दाखवला, तोही याच हिशोबावर. आणि डोळ्याच्या आत तर थक्कच व्हायला होतं. हेच अंतर तिथल्या पडद्यावर मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढं उमटतं, नि प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी असतात त्याच्याही निम्म्या अंतरावर. दोन ठिपके वेगळे दिसायचे तर त्यांच्यामधली निदान एक पेशी स्वस्थ राहावी लागते. सगळी बारीकसारीक दुनिया त्या एका स्वस्थ पेशीवर तोलली आहे!

आता चौकातला २० बाय १० फुटी फ्लेक्स घ्या. मोबाइलवर काढलेला ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो त्यावर ताणला, तर इंचाला सतराही पिक्सेल येत नाहीत. एकेक पिक्सेल दीड मिलिमीटरचा. जवळ गेलं तर चेहऱ्याचे चौकोन दिसतील. पण सतरा-अठरा फूट मागे सरकलं की तेच चौकोन नजरेच्या मर्यादेखाली जातात आणि चेहरा स्वच्छ दिसतो. रस्त्यावरून तो बघतं कोण जवळून?

म्हणून फाइलवर ७२ डीपीआय लिहिलंय की ३००, याची उगाच धास्ती घेऊ नये. तो आकडा बदलला तरी फोटोत एकही पिक्सेल वाढत नाही. खरा प्रश्न पिक्सेल किती आणि बघणारा किती लांब, एवढाच. १२०० पिक्सेलचा फोटो चार इंच रुंद छापला तर उत्तम, पानभर केला की फाटतो. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो आकसून येतो, त्याचे गेलेले पिक्सेल कुठल्याही डीपीआयने परत येत नाहीत. म्हणूनच डीटीपीवाला सांगतो, ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’