सोलर पॅनेल निकामी झाल्यावर काय करायचे?



गेल्या वळवात आपल्या एका सभासदाच्या मळ्यात वाऱ्याने व गारांनी सोलर पंपाची चार पॅनेल फुटली. ती त्यांनी बांधाला टेकवून ठेवली. पुढे भंगारवाला आला. ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि वायर तेवढी काढून घेतली, काच तिथेच टाकून गेला. लावणीला बाया सरीत उतरल्या, तेव्हा दोघींच्या पायात काच शिरली. "उन्हाच्या विजेची ही किंमत व्हय?" असे त्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

सन २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली. सन २०२४ मध्ये राज्याने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू केली. दिवसा पाणी मिळू लागले, रात्रीचे दारे धरणे वाचले. हे सारे चांगलेच झाले. पण पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षे. फॉर्म भरताना पुढचा विचार कुणी केला?

पाच अश्वशक्तीच्या पंपाला पंधरा-एक पॅनेल लागतात. एकाचे वजन वीस किलो धरले तर झाले तीनशे किलो. त्यात दोनशे किलोंहून अधिक नुसती काच. ॲल्युमिनियम पंचवीस-तीस किलो. बाकी प्लॅस्टिकचे थर, सिलिकॉन व थोडे तांबे. चांदी हजारात एक भागाहूनही कमी. शिवाय डाखणीत शिसे असते. शिसे मातीत-पाण्यात उतरणे बरे नव्हे. पॅनेल जाळणे तर त्याहून वाईट, कारण मागच्या प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो.

मग करायचे काय? रीतसर कारखान्यात आधी चौकट व मागची वायरची पेटी काढतात. नंतर उष्णता देऊन वा यंत्राने, काच व सिलिकॉन यांना चिकटवून ठेवणारा थर सोडवतात. काच वेगळी होते. शेवटी रसायनांच्या साहाय्याने चांदी व तांबे काढतात. फ्रान्समध्ये रूसे येथे २०१८ साली केवळ पॅनेलसाठी असा कारखाना उभा राहिला. अडचण एवढीच, की काच स्वस्त आणि वाहतूक महाग. नुसत्या बाजारभावावर हा धंदा भागत नाही. म्हणूनच कायदा लागतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेलचा समावेश आहे. सन २०३४-३५ पर्यंत निघणारी टाकाऊ पॅनेल नियमानुसार साठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

आपल्याला हे नवे नाही. एके काळी मळी म्हणजे कारखान्याची डोकेदुखी होती. आज तिच्यापासून इथेनॉल होते. बगॅसवर वीज होते, प्रेसमड शेताला जाते. टाकाऊ म्हणून काही नसते, पण ते गोळा करणारी व्यवस्था मात्र लागते.

सभासदांनी एवढे करावे :

१) पॅनेल फुटले तर प्रथम कागद पाहा. राज्याच्या योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती हमी व विमा आहे. फोटो काढून लगेच तक्रार नोंदवा.

२) फुटलेले पॅनेलही उन्हात वीज देते. उघड्या हाताने धरू नका, वायर तोडू नका. माहीतगाराकडून सोडवून घ्या.

३) पॅनेल पोत्यात वा ताडपत्रीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. विहिरीत, ओढ्यात, खड्ड्यात टाकू नका.

४) पुरवठादाराचे बिल व पॅनेलवरचा क्रमांक जपून ठेवा. परत देताना तोच पुरावा.

५) द्यायचे झाल्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्यालाच द्या.

सर्वांत महत्त्वाचे, एकेकट्याची चार पॅनेल न्यायला कुणी येणार नाही. गटातली पन्नास एकत्र झाली तर ट्रक भरेल. ऊस असाच एकत्र आला, म्हणून कारखाना उभा राहिला. गटवार जागा ठरवण्याचा विषय येत्या वार्षिक सभेत सभासदांनीच मांडावा, असे आम्ही सुचवतो. जमीन आपली आहे, तिच्यात काच पेरून चालणार नाही.