न्हाणीघरातला गीझर : जाळ आत नको, हवा हवी

दिवाळी जवळ आली की घरोघरी कढत पाण्याची सोय पाहिली जाते. नवा गीझर येतो तोही बहुधा याच दिवसांत. दुकानात आपण रंग पाहतो, किती लिटरचा ते विचारतो, घासाघीस करून किंमत उतरवतो. पण तो कुठं नि कसा बसवायचा, हे मात्र बसवायला आलेला मुलगाच ठरवून मोकळा होतो! मैत्रिणींनो, लक्ष घालायला हवं ते इथंच.

आपल्या सासूबाईंच्या काळी तांब्याचा बंब होता. धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे, राख काढावी लागायची. पण बंब बहुधा मागल्या दारी, पडवीत नाहीतर परसात असे. पाणी बादलीत काढून आत न्यायचं. जाळ एकीकडे, आंघोळ दुसरीकडे. आता चिमुकल्या न्हाणीघरात दार-खिडकी लावून आपणही आत आणि गॅस गीझरचा जाळही आत. हा जाळ काही थोडाथोडका नसतो. स्वयंपाकाच्या तीन-चार शेगड्या एकदम मोठ्या केल्या तर होईल तेवढा!

घात होतो तो कसा?

जाळाला हवेतला प्राणवायू लागतो. बंद खोलीत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. आपल्याला वाटतं, पित्त झालं असेल! उठून कडी काढावी म्हटलं तर तेवढी ताकद उरलेली नसते.

मी शिकवते त्या शाळेतली आठवीतली एक मुलगी गेल्या थंडीत अशीच न्हाणीघरात पडली. आधी दोघांच्या आंघोळी झालेल्या, खिडकी थंडीमुळं लावलेली. हाक मारून उत्तर येईना म्हणून आईनं शेजाऱ्यांना बोलावून दार तोडलं. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून पोर वाचली. घरातल्या सगळ्यांना वाटत होतं, उपाशीपोटी चक्कर आली असेल.

गॅस गीझर असेल तर

गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवावा आणि नळानं पाणी आत घ्यावं. सिलिंडरही न्हाणीघरात ठेवू नये. गीझर आधीच आत बसवलेला असेल, तर बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. पण ही तात्पुरती सोय. गीझर बाहेर हलवणं हाच खरा उपाय. नुसता एक्झॉस्ट पंखा असून भागत नाही. हवा बाहेर जाते तशी आत यायलाही वाट हवी. झरोक्याला कागद चिकटवू नका. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर गीझर वापरणं थांबवून दुरुस्तीला माणूस बोलवा. घेताना आय.एस.आय. खूण पाहा. गॅस गीझरसाठी भारतीय मानक १५५५८ आहे.

कोणी बेशुद्ध पडलंच, तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना 'गॅस गीझर चालू होता' हे आवर्जून सांगा.

विजेचा गीझर असेल तर

इथं जाळ नाही, पण वीज आणि पाणी एकत्र आहे. २००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. मिक्सर-इस्त्रीचा ६ अँपिअरचा प्लग त्याला पुरत नाही. १६ अँपिअरचा, मोठ्या तीन पिनांचाच हवा. वायरही त्याच मापाची, आणि बटण न्हाणीघराबाहेर.

अर्थिंग नीट आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. पुष्कळजणींना वाटतं, एम.सी.बी. आहे ना, मग भीती कसली! पण एम.सी.बी. वायरिंगला जपतो, माणसाला नाही. शॉक बसताक्षणी वीज तोडतो तो आर.सी.सी.बी. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. त्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. वीज गेली नाही तर तो निकामी आहे असं समजा.

साठवणीच्या गीझरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की त्यातून पाणी गळतं. गळतं म्हणून त्याला बूच मारू नका! टाकी फुटू नये म्हणूनच तो असतो. बोअरचं जड पाणी असेल तर कॉइलवर खार साचतो. वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्या.

आणि बादलीत रॉड टाकून पाणी तापवण्याची सवय असेल, तर पाणी तापलं का हे बोट घालून पाहू नका. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग पाण्याला हात.

या दिवाळीत बसवायला माणूस येईल तेव्हा चहा टाकायला आत जाऊ नका. तिथंच उभ्या राहा. गीझर कुठं बसणार, प्लग किती अँपिअरचा, अर्थिंग तपासलं का, हवा कुठून येणार, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं पटली की मग चहा!